सासूबाईंनी नाशिकला मत दिलं

मंडळी, आज सकाळच्या चहाला आमच्या घरात मतदान झालं. नवऱ्याची नाशिकला बदली झालीय. सगळ्यांनी जायचं, की त्याला एकट्याला धाडून आपण राहुरीतच राहायचं, एवढाच प्रश्न.

मी राहुरीची प्रचारक. मोकळी हवा, दारात दूध आणि मुख्य म्हणजे आपली माणसं. सासूबाईंचं मत तर मी धरूनच चालले होते. सत्तरीनंतर कोण गाव सोडतं?

"मी नाशिकला येनार," सासूबाई म्हणाल्या.

माझा कप हातातच राहिला. "आत्या, तिथं लेकीशिवाय तुम्हाला ओळखतं कोण?"

"संक्रांतीत नाशकात लेकीकडं गेल्ते ना, तिच्या बिल्डिंगीतल्या बायांनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. म्हनलं, मालक वारले माझे. तर म्हनल्या, आजी, मग काय झालं, या की. कुंकू लावलं, वान दिलं. बारा वर्सांनी."

"मग इथं कोण नाही म्हणतंय?"

"न्हाई कुनी म्हनत न्हाई. पन बोलावतं कोन? तू तरी?" एवढं बोलून त्या कप विसळायला गेल्या.

दर वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. 'आपली संस्कृती' असं लिहून फोटो मी इथंच ग्रुपवर टाकते आणि तुम्ही बदाम पाठवता. त्या वेळी सासूबाई स्वयंपाकघरात दुधाचे पेले भरत असतात. आत बसा असं मी कधी सांगितलं नाही. बाहेर या, असंही नाही.

सकाळपासून ते जुने फोटो बघतेय. एकातही त्या नाहीत.

तुमच्याकडे हळदीकुंकवाच्या वेळी आत कोण असतं?