मतलब न म्हणता

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या वाचनमंडळात पुस्तक वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ पुढचं पुस्तक ठरवायला लागतो. मंडळ म्हणजे इथली थोडी मराठी घरं, महिन्यातली एक दुपार आणि एका निवृत्त मास्तरांची ओसरी. मराठी पुस्तक गावात मिळत नाही. कोणी गोंदियाला गेलं तर एक प्रत येते, ती घरोघरी फिरते, आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तिच्यावर प्रत्येक घरच्या वरणाची खूण असते.

म्हणून या वेळी मी तयारीनिशी गेलो. स्वतः राजेगावची हद्द ओलांडून, महाराष्ट्रात जाऊन, गोंदियाहून एक जाडजूड कादंबरी आणली, वाचून संपवली, जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. मंडळ सुरू झालं तेव्हा ठरलं होतं की इथे मराठीच वाचायचं. मग घरोघरी सुना आल्या, हिंदी बोलणाऱ्या. मागचं पुस्तक हिंदी घेतलं, "एकदाच" म्हणून. आता लागोपाठ दुसरं आलं असतं, तर मराठी ओसरीवरून उतरलीच असती. ऑफिसात हिंदी, घरी मुलांशी हिंदी. माझ्याकडे उरली होती ती ही एवढी दुपार.

बैठकीची सुरुवातच वाईट झाली. शेजाऱ्यांची सून लालबर्र्याची. ती गोड आवाजात म्हणाली, "चाचाजी, हिंदी वाली ले लेते हैं ना. यहीं मिल जाएगी, सबके पास अपनी-अपनी रहेगी."

"हौ, बराबर आहे," मास्तर म्हणाले. मास्तर सगळ्यांनाच बराबर म्हणतात.

माझं डोकं तापलं. मी उभा राहिलो आणि बोललो. असा बोललो की अंगणातलं कुत्रंसुद्धा उठून बसलं. "देखिए, बात किताब की नहीं है. बात अपनी भाषा की है! हम मराठी नहीं पढ़ेंगे, तो कौन पढ़ेगा?"

मला वाटलं, जिंकलो.

बायकांच्या बाजूने माझ्याच बायकोचा आवाज आला. "अहो, हे मराठीत सांगा ना."

मास्तरांच्या हातातला चहा त्यांच्या धोतरावर सांडला. सून तर पदरात तोंड घालून हसत होती.

"तिला समजावं म्हणून हिंदीत बोललो," मी म्हणालो.

"काही नाई. तुमाले मालूमच नाई पडलं," बायको म्हणाली. ती माहेरची लांजीची, तिच्यापुढे वकीलही टिकत नाही. "असं करा, तुमच्या कादंबरीत काय आहे ते सांगा. मराठीत. हिंदी आली का पुस्तक गेलं."

"हौ, बराबर आहे," मास्तर.

मी घसा खाकरला. "एका गावात एक पोरगी असते. तिचं लग्न ठरते, पण तिले ते... मतलब..."

"गेलं!" सगळी ओसरी ओरडली.

मतलब आपल्या मराठीतही चालतो, हे मी बराच वेळ पटवत होतो. कोणी ऐकलं नाही. हिंदी पुस्तक ठरलं. आमच्याकडे रिवाज असा, की ज्याचं पुस्तक पडलं त्याने पुढच्या बैठकीचे पोहे करायचे.

परतताना मी स्कूटर चालवत होतो.

"बोलत काहून नाई?" बायकोने मागून विचारलं.

"काय बोलू? घरच्याच माणसानं पाडलं."

"बरं, त्या पोरीच्या लग्नाचं काय झालं?"

आधी मी सांगणारच नव्हतो. पण रेल्वे फाटक बंद लागलं आणि राहवलं नाही. सुरुवातीपासून सांगितलं. फाटक उघडलं, मागचे हॉर्न मारून राह्यले, मी सांगतोच आहे. घराच्या गेटाशी स्कूटर बंद करूनही आम्ही तिच्यावरच बसून होतो. मतलब किती वेळा आला, देव जाणे. तिने एकदाही टोकलं नाही.

"चांगली आहे," शेवटी ती म्हणाली.

माझ्यात जीव आला. "मग पुढच्या वेळी हिलेच मत देशील ना?"

"नाई."

"काहून?"

"आता तं पुरी समजली मले. अजून काहून वाचू?" ती उतरली. "चला, शेंगदाणे आहेत का ते पाहा. पोहे तुमचे आहेत."