मामंजींचे तीन बदाम

नवऱ्यानं मला पत्त्यांतला ब्रिज शिकवला, तो काही कौतुक म्हणून नव्हे. कुपवाडच्या कारखान्यातला त्याचा जोडीदार बदलून गेला आणि सांगलीच्या क्लबातली स्पर्धा तोंडावर आली, म्हणून. चार महिने भाजी निवडता निवडता मी बोली घोकली. "मी इस्पिक म्हटलं आणि कुणी मध्येच बोली घातली, तरी तुझ्याकडं इस्पिक भरपूर असली तर वर चढायचं. गप्प बसायचं नाही," हे त्यानं शंभरदा बजावलं.

खेळ मला लय आवडला. त्या घरात नवऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायची दुसरी सोय कुठं होती? शिवाय जिंकणारी जोडी पुण्याला जाणार होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघंच असे साताऱ्यापर्यंतसुद्धा कधी गेलो नव्हतो.

शेवटच्या फेरीत विरुद्ध बाजूला आले माझे सासरे. फौजेतून निवृत्त झालेले, मेसमध्ये ब्रिज शिकलेले. शेवटच्या डावाला नवरा म्हणाला, "एक इस्पिक." माझ्या उजव्या हाताला मामंजी. ते कडाडले, "तीन बदाम!"

माझ्या हातात एक्क्यासकट पाच इस्पिक, बदामाचं एकच पान. डोळे झाकून "चार इस्पिक" म्हणायचं होतं. पण मामंजी बोलले की सुनेनं त्यावर शब्द काढायचा नाही, ही घरची रीत. माझा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडं गेला आणि मी म्हटलं, "पास."

माझ्याकडं काहीच नाही असं धरून नवराही गप्प राहिला. मामंजींना बोलीप्रमाणे नऊ हात करायचे होते, त्यातले दोन कमी पडले खरे, पण त्याहून कितीतरी मोलाचा, चार इस्पिकांचा आमचा हातातला गेम गेला आणि त्याबरोबर स्पर्धाही.

"वाचा बसली होती काय तुझी?" नवरा सगळ्यांदेखत खेकसला.

मामंजींनी आपली पानं टेबलावर पसरली. सात बदाम, पण एक्का नाही, राजा नाही, राणीसुद्धा नाही. "माझ्याकडं काय डोंबल व्हतं? पण सूनबाई माझ्यावर बोलायची न्हाई, ठावं व्हतं मला. लय गुणाची पोर हाय!"

अख्खा क्लब हसला. नवराही हसला. आग लागो त्या गुणांना!

पुढच्या स्पर्धेला नवऱ्यानं दुसरा जोडीदार बघितला. पुण्याला मामंजी गेले. त्यांचे कपडे इस्त्री करून मीच बॅगेत भरले, आणि ते निघताना पदर घेऊन वाकून पायाही पडले.