चौथा थर

पेडगावकडच्या बंद खाणीत मी लाव्ह्याचे तीन थर मोजले होते. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तीन आठवडे त्या उघड्या कड्यासमोर उन्हात उभी राहून मोजले होते, आणि ते चुकले होते. चूक दाखवली ती आमच्या घरी पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या मावशींनी.

पाट्या-जात्यांचा दगड त्यांच्या घरचे लोक पूर्वी त्याच खाणीतून काढत. म्हणून मी त्यांना सोबत नेले. त्या हातोडीने कडा वरून खाली ठोकत गेल्या. कुठे दगड खणखणला, कुठे भद्द वाजला.

"भाकरीची चवड हाय ही, पोरी," त्या म्हणाल्या. "परतेक भाकर वरून फुगलेली, मधी घट्ट. तू दोन भाकरी एक धरलीस."

आणि त्यांनी विटकरी मातीची बोटभर पट्टी दाखवली. तिला मी गंजाचा ओघळ समजले होते.

आपल्याकडे मॅग्मा शंकूच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीच्या लांबलचक भेगांतून वर आला आणि पसरत गेला. त्यातले वायू वर चढताना अडकले, म्हणून थराचा माथा सच्छिद्र. दोन उद्रेकांमध्ये एवढा काळ गेला की माथ्यावर माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. हे सारे मला पाठ होते. फक्त समोर असताना दिसले नव्हते.

चौथ्या थराची सीमा कोणी ओळखली, ते मी प्रबंधात नावानिशी लिहिले. तसे खाणीतच त्यांना सांगितले होते. खरेच छापतील का, असे त्यांनी परतीच्या वाटेवर दोनदा विचारले होते.

मार्गदर्शक सरांनी चौथा थर आनंदाने स्वीकारला आणि नावावर लाल रेघ ओढली. निरक्षर बाईचा आधार दिला तर परीक्षक हसतील, असे त्यांचे म्हणणे. थर मान्य आहे, तर तो शोधणारी अमान्य का, असे मी विचारले. त्यांनी पेनाला टोपण लावले.

"सही हवी आहे की वाद?"

पीएच.डी.च्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी नाव खोडले आणि तिथे 'क्षेत्रीय निरीक्षणावरून' असे लिहिले. त्या खाणीत कधीही पाऊल न ठेवलेल्या सरांचे नाव मात्र पहिल्याच पानावर आहे, सगळ्या पदव्यांसकट.

बांधणी होऊन आलेला प्रबंध मावशींनी पुढच्या खेपेला मागून घेतला, हात पुसून उघडला आणि नाव कुठे आहे ते विचारले. मी कुठल्याही ओळीवर बोट ठेवले असते तरी त्यांना कळले नसते.

"सरांनी काढायला लावलं, मावशी. आणि मी काढलं."

त्यांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला, पाटा पुढे ओढला.

"मंग थर बी तीनच ठिवायचे व्हते की," त्या म्हणाल्या, आणि छिन्नीवर घाव घातला.

आता त्याच कामावरचा लेख नियतकालिकाला जायचा आहे. नाव मी परत लिहिले आहे. सहलेखक म्हणून सरांच्या सहीची जागा महिनाभर कोरी आहे, आणि या वेळी मी काहीही खोडणार नाही.