आजी, माजी आणि झुंबरबाई

मंगळवार पेठेतल्या त्या हायस्कूलला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. तिथं बावीस वर्षं खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाईला पोरं आजी म्हणतात. कुणी ताटात खिचडी टाकून उठलं, की या आजीच्या तोंडाचा पट्टा असा सुटतो, की हेडमास्तरसुद्धा आपलं ताट चाटूनपुसून स्वच्छ करतात.

ही बाई स्वतः याच शाळेत नववीपर्यंत शिकली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक. भूमितीत तिचा हात धरणारा वर्गात कुणी नव्हता. पण नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ हिचंही. सुट्टी संपली, पोरी वर्गात आल्या, झुंबर वारणानगरला सासरी गेली. नवरा वारल्यावर ती पेठेत परत आली, ती थेट शाळेच्या चुलीपाशी.

तर शाळेच्या फाटकावर बोर्ड लागला, ‘आजी-माजी विद्यार्थी मेळावा’. पहिलाच शब्द आपला बघून झुंबरबाईला वाटलं, हे बोलावणं आपल्यालाच आहे. पदराला हात पुसून ती नाव द्यायला गेली.

टेबलाशी मेळाव्याचे अध्यक्ष गणपतराव बसले होते. भांड्यांच्या दुकानाचे मालक, माणूस वाईट नाही, पण फॉर्मच्या रकान्याबाहेर नजर जात नाही. त्यांनी दहावीची बॅच विचारली. नववीत शाळा सुटली म्हटल्यावर त्यांचा पेन थांबला. माजी म्हणजे दहावी करून गेलेला, असं त्यांनी समजावलं आणि मसालेभाताचं मात्र तुम्हीच बघायचं, असंही वर गोड बोलून घेतलं.

झुंबरबाई चुलीपाशी परतली. मसालेभाताचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आयुष्य या भिंतींत गेलं आणि या शाळेची आपण कुणीच नाही. तिला फार वाईट वाटलं. त्या दिवशी खिचडीत मीठ पडलं नाही, आणि पोरांनी ती गुमान खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शाळेची क्लार्क स्नेहल जुन्या मुलांची यादी काढायला जनरल रजिस्टर चाळत होती. चाळता चाळता थबकली आणि ते जाडजूड रजिस्टर कडेवर घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत आली. ‘झुंबर पिराजी चौगुले’ या आजीच्या माहेरच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख नव्हती, कारणाचा रकानाही कोरा.

“आजी, तुम्ही दाखला न्हेलाच न्हाई की.”

“लगीन लागल्यावर दाखला कशाला लागतोय?”

“मग तुमचं नाव अजून पटावर हाय. तुम्ही माजी न्हाई, आजी हाय.”

“ते मला ठावं हाय. दोन नातवंडं हायत की मला.”

स्नेहल हसून हसून बाकावरच बसली. मग तिनं सांगितलं, की बोर्डावरची आजी म्हणजे नातवंडांची आजी नव्हे, आज शाळेत असलेला विद्यार्थी. झुंबरबाईनं त्या कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं.

मेळाव्यात गणपतरावांनी एकेक बॅच उभी केली. टाळ्या झाल्या. शेवटी ते म्हणाले, आता आजी विद्यार्थ्यांनी उभं राहावं. पोरं उभी राहिली, आणि त्यांच्या मागं भाताच्या पातेल्यापाशी हातात डाव घेऊन झुंबरबाईही. गणपतराव गोंधळले. स्नेहलनं उघडं रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, मग माईक जवळ ओढून हजेरी घेतली.

“इयत्ता नववी. झुंबर पिराजी चौगुले.”

“हजर,” झुंबरबाई म्हणाली. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला.

पुढं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तिनं आणला, तर त्याला दाखला हवा. म्हणजे पटावरचं नाव आता निघणार. स्नेहललाच वाईट वाटलं. तिनं रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, म्हणून विचारलं.

“लिव्ह की,” झुंबरबाई म्हणाली, “दहावीला बसतोय म्हणून.”