चार फोन डिकीत, आम्ही पाण्यात

लातूरला ईश्वरीला नीटच्या शिकवणीत जागा मिळाली, होस्टेलची खोली ठरली, गादी-बादली घरात येऊन पडली आणि मग होस्टेलच्या बाईंनी नियम सांगितला: मुलींना फोन नाही. रविवारी ऑफिसातल्या फोनवरून घरी बोलायचं, तेही रांगेत उभं राहून. माझी बायको संगीता शिक्षिका आहे. तिला हा नियम इतका आवडला की दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना तिने तो ऐकवला. "फोनवाचून कुणाचं काही अडत नसतं," हे तिचं पालुपद.

ईश्वरी आमची एकुलती एक. दहावी नुकतीच झालेली, लातूरचं नाव काढलं की तोंड फुगवून बसणारी. एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "अडत नाही ना? मग एक दिवस राहून दाखवा."

दहावीच्या मार्कांबद्दल तिला वॉटर पार्कची सहल कबूल केलेली होतीच. तिने पैज लावली. घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत सगळ्यांचे फोन गाडीच्या डिकीत. मी, संगीता आणि आप्पा असे तिघंही टिकलो तर ती कुरकुर न करता लातूरला जाईल. तिघांपैकी एकानेही फोनला हात लावला तर ती इथेच शिकवणी लावेल आणि स्वतःच्या पलंगावर झोपेल. संगीताने तिथल्या तिथे टाळी दिली.

खरं सांगतो, मला ही पैज हरायची होती. पोरीने जाऊ नये असं मला वाटत होतं आणि ते बायकोपुढे बोलायची माझी छाती नव्हती. पण मुद्दाम हरलो तर संगीताने मला सोडलं नसतं, म्हणून मीही मान डोलावली.

राहिले आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील, फुलंब्रीजवळच्या आमच्या गावाहून नातीला निरोप द्यायला आलेले. आमच्या घरात फोनचं खरं व्यसन कुणाला असेल तर ते आप्पांना. अद्रकीचा भाव, हवामान, भजनं, कुस्त्या, सगळं फुल्ल आवाजात. पैज ऐकल्यावर ते म्हणाले, "हात्तिच्या, यवढंच व्हय? आमचा सारा जल्म बिगर फोनचा गेला." आणि लगेच, "पण अद्रकीचा भाव कोण बघंल?"

रविवारी सकाळी लवकर निघालो. चारही फोन उशीच्या अभ्र्यात घालून ईश्वरीने गाठ मारली आणि डिकी लावली. सिडकोतल्या आमच्या घरापासून नगर नाक्यापर्यंत कंपन्यांच्या शिफ्टच्या बसेस आडव्या येतात, मीही वाळूजलाच नोकरीला असल्याने त्या गर्दीची सवय आहे. पुढे छावणी, मिटमिटा आणि मग नाशिकचा रस्ता. रस्ता तसा बरा आहे, पण गतिरोधक रंगवलेले नाहीत, तेव्हा वेग बेताचा ठेवा. लासूर स्टेशनच्या अलीकडे आत वळायचं एवढं माहीत होतं. नकाशा डिकीत होता.

रस्त्यावर पार्कचा मोठा फलक दिसला, पण त्यावर बाण नव्हता, स्कॅन करायचा चौकोन होता. शेवटी एका हॉटेलवर थांबलो. पोहे आणि मिरची भजी दोन्ही घ्या, चहा नका घेऊ. हॉटेलवाल्या मामांना रस्ता विचारला तर म्हणाले, "लोकेशन टाकू का?"

"टाका, पण तोंडानं," आप्पा म्हणाले.

मामांनी पाच मिनिटं विचार केला, मग आपल्याच फोनवर नकाशा उघडून तो आम्हाला वाचून दाखवला.

पार्कचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून पार्किंगमधल्या लिंबाखाली सतरंजी टाकून दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच संपवली. अर्धं पार्किंग हेच करत होतं. तुम्हीही हेच करा, कारण आत पाण्याची बाटलीसुद्धा जपून प्यावी अशा भावाची आहे.

खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, ऑनलाइन तिकीट काढलं तर सूट आहे.

"फोन नाहीये," मी म्हणालो.

"हरवला का सर?"

"नाही, डिकीत आहे."

"मग आणा ना."

"आणता येत नाही. पैज आहे."

तिने मागे वळून कुणाला तरी हाक मारली. दोघांनी मिळून आमच्याकडे पाहिलं आणि पूर्ण दराची तिकिटं फाडली. सूट गेली ती गेलीच. आत लॉकर होते, तर तिथला गार्ड म्हणाला, "लॉकर ओटीपी से खुलता साब. फोन नहीं तो क्या करते तुम लोगां?" मोफत वायफायचा बोर्ड होता, त्यालाही ओटीपी. खाण्याचा मेनू टेबलावर चिकटवलेल्या चौकोनात. वेळ किती झाली ते कळायला आम्हा चौघांत मिळून आप्पांचं एक मनगटी घड्याळ.

लॉकर नाही म्हटल्यावर सामान सांभाळायला कुणीतरी लागणारच. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे सक्तीचे आहेत आणि धोतर सोडून चड्डीवर यायला आप्पा तयार नव्हते. म्हणून बाकावर ते बसले. पिशव्या त्यांच्याजवळ, माझं पाकीट त्यांच्याजवळ आणि गाडीची किल्लीही त्यांच्याच बंडीच्या खिशात. तेव्हा ते मला अगदी सोयीचं वाटलं होतं.

"चुकामूक झाली तर ध्यानात ठिवा," आप्पांनी आम्हाला बजावलं. "हरवंल त्यानं जागचं हलायचं नाय. बाकीच्यांनी हुडकायचं. जत्रंत आमी आसंच करायचो."

पहिले दोन-तीन तास मजेत गेले. संगीता सगळ्यात उंच घसरगुंडीवरून अशी किंचाळत आली की तिच्या वर्गातल्या पोरांनी पाहायला हवं होतं. लाटांच्या तलावात आमच्याशिवाय सगळ्यांच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन लटकत होते. माणसं एक हात पाण्याबाहेर धरून पोहत होती. माझ्या शेजारचा एक जण छातीभर पाण्यात उभा राहून साहेबाशी बोलत होता, "हो सर, दवाखान्यातच आहे, वडिलांना सलाईन लावलंय." तेवढ्यात लाटा सुरू होण्याचा भोंगा वाजला. "अँब्युलन्स आली सर, ठेवतो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि लाटेवर उडी मारली. तोही वाळूजच्याच कुठल्या तरी कंपनीतला असणार, म्हणून मी तोंड फिरवून घेतलं.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तसे कपडे बदलायला गेलो. बायकांचं दार एका बाजूला, पुरुषांचं दुसऱ्या. मी बाहेर आलो तर बाकावर पिशव्या होत्या, शेजारी एक अनोळखी आजीबाई त्यांच्यावर लक्ष ठेवून होत्या, आणि आप्पा नव्हते. म्हणजे आप्पा हरवले. मी शोधायला निघालो.

नंतर कळलं ते असं. संगीता बाहेर आली तेव्हा तिला मी दिसलो नाही, म्हणून तिच्या हिशेबाने मी हरवलो होतो. ती मला शोधायला निघाली. आमच्या घराण्यात आपण स्वतः हरवलोय असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही, त्यामुळे आप्पांचा नियम पाळायला कुणी शिल्लक नव्हतं. मी संडासापासून भुताच्या घरापर्यंत सगळं पालथं घातलं. भुताच्या घरात आत जाऊन "आप्पा!" अशी हाक मारली तर एक भूत म्हणालं, "काका, लाईन तोडू नका."

शेवटी आइस्क्रीमच्या गाड्याजवळ संगीता समोरून आली. एकटीच.

"ईशू कुठंय?" मी विचारलं.

"म्हणजे? ती माझ्याआधी बाहेर आली. मला वाटलं, तुमच्याकडं आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला. हजारभर माणसांची गर्दी, सगळीकडे पाणी, आणि पोर कुठे आहे ते दोघांनाही माहीत नाही. हरवलेल्यांची नावं पुकारतात त्या माईकच्या खोलीकडे संगीता धावली. तिथल्या माणसाने आधी तिचा मोबाईल नंबर विचारला म्हणे.

मी समोरून येणाऱ्या एका गृहस्थाला थांबवलं, "भाऊ, एक फोन करू द्या," म्हणालो आणि नंबर फिरवला. मला पाठ असलेला एकच नंबर आहे, तो ईश्वरीचा, कारण तिला सिम घेताना तो मीच निवडला होता. तिचा फोन डिकीत आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं. घंटा वाजली. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

तो आवाज मी जन्मापासून ओळखतो.

"आप्पा?"

मग आप्पा म्हणाले, "राँग नंबर," आणि फोन कट झाला.

अद्रकीचा भाव बघायला आप्पा हातावरचा शिक्का दाखवून सरळ पार्किंगमध्ये गेले होते. अभ्र्यात हात घालून आपला फोन चाचपडत असताना नातीचा वाजला. वाजणारा फोन न उचलणं म्हणजे आप्पांच्या लेखी बेअदबी. अशा रीतीने बाप आणि मुलगा एकाच क्षणी, एकाच फोनवर पैज हरले.

ईश्वरी मात्र सापडली ती अगदी साध्या जागी. बायकांच्या दाराच्या मागच्या पायरीवर, सावलीत, ओले केस पिळत बसलेली. ती चुकून मागच्या दाराने बाहेर पडली होती. शेजारी वैजापूरची दोन लेकरांची आई होती. तिच्या धाकट्याला मांडीवर घेऊन ईश्वरी त्याला चिवडा भरवत होती.

"अगं, हाका तरी मारायच्या!" संगीताने तिला जवळ ओढली. तिला रडू आवरेना.

"हरवले मीच होते ना," ईश्वरी म्हणाली. "आप्पांनी हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. मला माहीत होतं, तुम्ही येणार."

"भीती नाही वाटली?"

"थोडी वाटली. मग या काकू भेटल्या."

परतीच्या वाटेवर आप्पा खिडकीबाहेर बघत होते, मी रस्ता बघत होतो. आरशात एकदा आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही लगेच नजर काढून घेतली.

घरी आल्यावर ईश्वरीने अभ्र्याची गाठ सोडली. तिने स्वतः मारलेली गाठ नव्हती ती. आपला फोन उघडला आणि म्हणाली, "हा कुणाचा नंबर? माझा फोन दुपारी कुणी उचलला?"

मग आप्पा म्हणाले, "उचलला म्या. पण केला कुनी, ते बी इचार."

संगीताने कपाळावर हात मारला. मी सगळं सांगून टाकलं, आणि त्याच झटक्यात हेही बोलून गेलो की तू जाऊ नयेस असं मला वाटतं. संगीता माझ्याकडे बघतच राहिली.

ईश्वरीने आपला फोन परत अभ्र्यात टाकला. मग म्हणाली, "जिंकले मीच. पण मी जाते. फक्त एक कबूल करा. रविवारच्या फोनवर कधी मी 'न्यायला या' म्हणाले, तर का म्हणून विचारायचं नाही. निघायचं."

"निघू," संगीता सगळ्यांच्या आधी म्हणाली.

तर वाचकहो, पार्कात फोन लागतो का? पोहायला लागत नाही, लॉकरला लागतो, आणि सूट हवी असेल तर लागतोच. आम्ही मात्र ईश्वरीला बुधवारी लातूरला सोडून आलो आणि आज तिचा पहिला फोन आला. आम्ही तिघं सकाळपासून एका फोनभोवती बसून होतो. वरण पातळ असतं, खोलीतली मुलगी झोपेत बोलते, परीक्षा आत्ताच सुरू झाल्या, एवढं तिने भराभर सांगितलं. मागे रांगेतल्या मुली घाई करत होत्या.

फोन ठेवल्यावर आप्पांनी विचारलं, "न्यायला या म्हनली का?"

"नाही."

"बरं झालं," आप्पा म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "म्हनायला पायजे व्हती."

फोनवाचून कुणाचं अडत नाही म्हणणारी संगीता तोंड फिरवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला, "अहो, गाडीची टाकी भरून ठेवत जा."