हिग्ज, वंदना आणि माझी पोटदुखी

आमच्या डिपार्टमेंटमध्ये हिग्ज कणावर काम करणारी माणसं तीनच: देशकर सर, मी आणि वंदना. किस्से मात्र ढीगभर. शोध लागत नाहीत, तोवर किस्सेच साचतात! त्यातले बरेचसे वंदनाचे. म्हणून सांगताना पोटात दुखतं.

जिनिव्हाजवळच्या प्रचंड यंत्रात कण एकमेकांवर आपटतात. त्यातून निघालेल्या हिग्जचा डेटा आम्ही नागपुरात बसून तपासतो. जुन्या सिद्धांताहून जरा वेगळं दिसलं, तर नवं फिजिक्स!

*

वंदना पारशिवनीची, मला दोन वर्षं ज्युनियर. पहिल्याच दिवशी माझ्या स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "दादा, इथं मायनस राहिला जी."

महिनाभर अडलेला प्रोग्राम दोन मिनिटांत सुरू! सर खूश. मी चहाला निघून गेलो.

*

एकदा तिचे बाबा शेतावरून थेट भेटायला आले.

"तो हिग्ज दिसते कसा वं?"

"दिसत नाही बाबा, लगेच फुटते. तुकड्यांवरून ओळखाचा."

"म्हणजे काच पाहून बांगडी ओळखाची!"

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात हेच उदाहरण दिलं. मी बाबांवरही जळलो.

*

मग माझ्या ग्राफवर उंचवटा आला. नवं फिजिक्स! हुडकेश्वरला घरी फोन केला. आईनं गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी वंदना हळूच म्हणाली, "दादा, एकच फाइल दोनदा मोजल्या गेली."

सरांना तिनं सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं!

*

तिचं काम जिनिव्हाच्या परिषदेसाठी निवडलं गेलं. भर उन्हाळ्यात कोट घ्यायला मी तिच्यासोबत जरीपटक्याच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "मॅडम कुठं चालल्या?"

"जिनिव्हाले."

"आणि साहेब?"

"साहेब पिशवी पकडून राहिले," मी म्हणालो.

*

ती निघण्याआधी आठ दिवस, रोज रात्री माझ्याच लॉगिननं तिच्या फाइली उघडून, मी चोरून तिच्या कामाची ओळन् ओळ तपासली. एक चूक हवी होती, बस एक! सापडली नाही. कुणाजवळ बोललो नाही.

भाषण सर आणि मी ऑनलाइन पाहत होतो. निकाल जुन्या सिद्धांताच्याच बाजूनं लागला होता. नवं फिजिक्स कुठं नाही, ते तिनं आणखी पक्कं केलं होतं. शेवटी एका गोऱ्या प्रोफेसरनं विचारलं, "हे दुसऱ्या कुणी तपासलंय का?"

"हो," वंदना इंग्रजीत शांतपणे म्हणाली. "आमच्या प्रफुलदादांनी. आठ दिवस. त्यांच्याइतकं मन लावून कोणीच तपासलं नसतं."

सर माझ्याकडे वळले.

"तू कधी तपासलं गा?"