मागून मारलेली हाक

रेवा आणि मिहीर, तुमच्या आईचा काल फोन आला. मिहीर पहिल्यांदा एकटा प्रवासाला निघणार आहे आणि ती घाबरली आहे. पाठवू की नको, असं तिने मला विचारलं. रेवा, तू मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडून, दारव्ह्याहून, मारेगावला मावशीकडे एकटी गेलीस, त्या दिवशी माझं काय झालं हे तुलाही ठाऊक नाही. म्हणून आता लिहिते.

तुला एकटं पाठवायला मीच तयार झाले होते. माझ्या सूचना संपेनात, तेव्हा फाटकातून तू हसत म्हणालीस, "आजी, आता मागून हाक नाही हं, तुझाच नियम." निघालेल्याला आपल्या घरात मागून हाक मारत नाहीत. मी आत वळले तर तुझा मोबाइल चार्जरलाच. पळत बाहेर आले, तू ऑटोत बसत होतीस. नाव ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. ऑटो गेला.

दुपारी तुझाच मोबाइल वाजू लागला. मावशी विचारत होती, रेवा कुठवर आली? यवतमाळला गाडी बदलून तू पुढे जीपने निघालीस की बसने, हेही मला सांगता येईना. तुझे मामा मोटरसायकल घेऊन रस्त्याने शोधायला निघाले. इतकी शिकलेली मी, पण मनात नको नको ती चित्रं येत होती. देवीपुढे बसले. आधी नवस बोलले, मग स्वतःवरच चिडले. शेवटी एवढंच म्हटलं, माझ्याने हाक मारवली नाही, आता तूच मार.

ऊन उतरताना मावशीचा फोन आला. तू पोचली होतीस. मारेगावच्या अलीकडे जीप बंद पडली, माणसं पांगली, आणि तू पायी भलत्याच फाट्याने शेतांकडे निघालीस. जीपमधल्या, जवळच्या तांड्यावरच्या एका बाईने तुला थांबवलं, स्वतःचं घर मागे टाकून मावशीच्या दारापर्यंत आणलं. मावशीने तिच्या हातात फोन दिला.

"माय, रडून काहून राह्यल्या? पोरगी सुखरूप हाये. निघालेल्याले मागून हाक मारू नाही म्हणतेत, मलेबी ठाऊक हाये. पन माह्या तोंडातून निघूनच गेली."

मी फोन ठेवला. देव्हाऱ्यातला दिवा तसाच तेवत होता. याचा अर्थ मी लावत बसत नाही. मात्र माझे हात जिथवर पोचत नाहीत, तिथेही कोणीतरी असतं, एवढ्यावर विसंबून राहायला मी त्या दिवशी शिकले. तुमच्या आईला सांगितलं, पाठव. हे सांगतानाही भीती वाटतच होती.

त्या बाईचं नाव विचारायचं आम्हा सगळ्यांचंच राहून गेलं. तिची हाक तेवढी अजून आहे.